नीळ लागवड: औषधाची चर्चा आणि पाल्याचा खरा बाजार

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, पण काढणीच्या दिवसांत बाजारातला दर त्याखालीच राहिला. असे झाले की वाशिम जिल्ह्यात पर्यायी पिकांची चर्चा सुरू होते. चियाने अलीकडे थोडी जागा मिळवली. आता रिसोड, मालेगाव भागातून निळीबद्दल विचारणा होते आहे. ‘निळीत कर्करोगावरचे अल्कलॉइड असते, औषध कंपन्या पाला चढ्या दराने घेतील,’ असे सांगून बियाणे विकले जाते. यात संशोधनाचा भाग खरा आहे. दराचा भाग मात्र तपासून घ्यावा लागेल.

पाल्यात नेमके काय असते?

निळीच्या (इंडिगोफेरा टिंक्टोरिया) हिरव्या पाल्यात निळा रंग नसतोच. त्यात इंडिकॅन हा बिनरंगी घटक असतो. पाला १०-१५ तास पाण्यात भिजवला की इंडिकॅन फुटून इंडॉक्सिल तयार होते. ते पाणी घुसळून हवा मिळाली की त्याचा निळा इंडिगो बनतो. थोडे इंडॉक्सिल मात्र आयसॅटिनशी जुळून लालसर इंडिरुबिन होते. ट्रिप्टॅन्थ्रिन हा नीळ देणाऱ्या काही वनस्पतींत सापडणारा पिवळा अल्कलॉइड बुरशीला रोखतो. संशोधकांचे लक्ष मुख्यतः या शेवटच्या दोन घटकांवर आहे.

म्हणजे इंडिरुबिन प्रामुख्याने प्रक्रियेत तयार होते, तेही अल्प प्रमाणात. पाण्याचे तापमान, आम्लता आणि हवा बदलली की प्रमाण बदलते. शंभर किलो ओल्या पाल्यातून नीळच जेमतेम अर्धा किलो किंवा त्याहून कमी निघते. इंडिरुबिन हा त्यातला लहानसा वाटा.

संशोधन कुठवर आले?

चीनमध्ये रक्ताच्या एका दीर्घकालीन कर्करोगावर पारंपरिक मिश्रण वापरत. त्यातील प्रभावी घटक इंडिरुबिन असल्याचे आढळले. पेशी विभाजनाला चालना देणारी विकरे ते रोखते, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्याच आजारावर २००१ मध्ये इमॅटिनिब हे गोळीरूप औषध आले आणि आज उपचार त्याच वाटेने होतात. तैवानमध्ये सोरायसिसवर निळीच्या मलमाच्या चाचण्या झाल्या. जपानमध्ये आतड्याच्या व्रणांवर ती पोटात देऊन चांगला परिणाम दिसला. पण काही रुग्णांच्या फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा दाब वाढला आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने इशारा दिला. म्हणून पाल्याचा रस किंवा चूर्ण स्वतःच्या मनाने पोटात घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. चीनच्या औषधकोशातील ही नीळ स्ट्रोबिलँथिस, पर्सिकॅरिया आणि आयसॅटिस या वनस्पतींपासून बनते. आपल्याकडची शेंगवर्गीय नीळ त्यात नाही. त्या संशोधनाच्या जोरावर आपल्या पाल्याला औषधाचा दर मिळेल, हे गणित इथेच अडते.

आपल्या रानातला काळा कुडा

विदर्भातल्या पानझडी रानात वाढणारा काळा कुडा (राइटिया टिंक्टोरिया) हेही नीळ देणारे झाड. त्याच्या पानांतही इंडिगो, इंडिरुबिन आणि ट्रिप्टॅन्थ्रिन आढळले आहे. सिद्ध वैद्यकात त्याच्या पानांचे तेल सोरायसिसवर लावतात. अतिसारावर लागणारी साल मात्र पांढऱ्या कुड्याची. त्यातील कोनेसीन हा अल्कलॉइड वेगळा. काळ्या कुड्याची साल त्यात भेसळ म्हणून येते. ओळख सोपी आहे: काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या राहतात.

मग लागवड करावी का?

निळीचा खरा बाजार आज कापडाचा नैसर्गिक रंग आणि केसांना लावायची पाल्याची पूड हा आहे. तमिळनाडूत हे काम जोरात चालते. हाच ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून विचार करा.

- निचऱ्याची हलकी ते मध्यम जमीन निवडा. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या रानात मुळे कुजतात.
- बियांचे कवच कठीण असते. खरखरीत वाळूत चोळून पेरल्यास उगवण सुधारते.
- फुले लागताना, साधारण तीन महिन्यांनी, पहिली कापणी करा. रंग काढायचा असेल तर पाला त्याच दिवशी हौदात गेला पाहिजे. हौद जवळ नसेल तर पुडीसाठी सावलीत वाळवणे हाच मार्ग.
- पीक द्विदल आहे, नत्र स्थिर करते. रंग काढून उरलेला चोथा शेतात खत म्हणून घाला.
- खरेदीदाराकडून दर, प्रत आणि उचल लेखी घ्या. ‘अल्कलॉइडचा दर’ सांगणाऱ्याला विचारा: टक्के किती, कोणती प्रयोगशाळा मोजणार, आणि कमी भरल्यास माल कोण घेणार?

सफेद मुसळीच्या वेळी बेण्यावर पैसे गेले आणि मुळ्या विकायला गिऱ्हाईक सापडले नाही, हे अकोला-वाशिम पट्ट्यात अनेकांना आठवत असेल. खुद्द निळीचा इतिहासही तोच धडा देतो. जर्मनीत १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील लागवड काही वर्षांतच कोसळली. आजही प्रयोगशाळेत इंडिरुबिन बनवता येते.

म्हणून पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांवरच प्रयोग करा, तोही लेखी करार हातात असेल तरच. सोयाबीन-तुरीचे मुख्य रान त्यासाठी मोडू नका.