माळ्यावरची ती फाइल काढा बरं!

आम्हा भूलवाल्या डॉक्टरांची आणि तुमची ओळख कधी होते? थेट ऑपरेशन टेबलावर! तोंडाला मास्क, डोक्याला हिरवी टोपी, ‘आता मोठा श्वास घ्या’ एवढं एकच वाक्य, आणि पुढचं तुम्हाला काही आठवत नाही. बहुतेकांचं त्यावाचून अडतही नाही. पण आजचा कॉलम ज्यांच्यासाठी आहे, त्यांचं अडतं. म्हणजे त्या सगळ्या जणी, ज्यांच्या हृदयात जन्मतःच काहीतरी गडबड होती, लहानपणी ऑपरेशन झालं, आता झकास नोकरी चाललीय, लग्न झालंय आणि घरात ‘गुड न्यूज’ची चर्चा सुरू आहे.

अशा किती असतील? दर शंभर बाळांमागे साधारण एकाला जन्मजात हृदयविकार असतो. पूर्वी यातली गंभीर केस मोठी होतच नसे. 29 नोव्हेंबर 1944 रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका ‘निळ्या बाळा’वर ऑपरेशन केलं. कल्पना हेलन टॉसिग यांची, आणि मागे उभं राहून एकेक टाका सांगणारे व्हिव्हियन थॉमस. तिथून चित्र पालटलं. कालची निळी बाळं आज आई होतायत. मस्तच की!

फक्त एक लक्षात घ्या, बाळंतपण ही हृदयाची मॅरेथॉन आहे. गरोदरपणात हृदयाला नेहमीपेक्षा 30 ते 50 टक्के जास्त रक्त पंप करावं लागतं. कळा सुरू झाल्या की प्रत्येक कळेसरशी गर्भाशयातून 300 ते 500 मिली रक्त आईच्या रक्तप्रवाहात ढकललं जातं. त्यात वेदना, भीती, धडधड. धडधाकट हृदय हे निभावून नेतं. दुरुस्त केलेलं हृदयही बऱ्याचदा नेतं, पण आधी त्याची कुवत माहीत हवी.

इथे आमची एन्ट्री होते. ‘आम्ही नाही का सोसल्या कळा? एपिड्युरल म्हणजे आजकालच्या मुलींचे लाड!’ हा डायलॉग मी शेकडो वेळा ऐकलाय. अहो, हृदयाच्या पेशंटसाठी हे लाड नाहीत, हा उपचार आहे. पाठीत बारीक नळी बसवून थोडं थोडं औषध सोडलं की वेदना कमी होते, नाडी आणि बीपी उसळत नाही. शेवटी फार जोर लावायला नको म्हणून गायनॅक व्हॅक्यूम किंवा चिमट्याची मदत घेते. बहुतेक जणींची नॉर्मल डिलिव्हरी होऊ शकते. ‘हृदय आहे म्हणून सिझेरियनच’ असा नियम नाही.

पण सगळ्यांना एकच फंडा चालत नाही. महाधमनीची झडप खूप अरुंद असेल, तर एका दमात दिलेल्या स्पायनलने बीपी धाडकन कोसळू शकतं. हृदयात छिद्र शिल्लक असेल, तर सलाइनच्या नळीतला हवेचा बुडबुडाही मेंदूपर्यंत जाऊ शकतो. कृत्रिम झडपेसाठी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर शेवटचा डोस कधी घेतला हे बघूनच पाठीत सुई घालता येते. बाळ झाल्यावर गर्भाशय आवळण्यासाठी देतात ते ऑक्सिटोसिनसुद्धा अशा पेशंटला सावकाश द्यावं लागतं. आणि बाळ झालं म्हणजे सुटलो असं नाही. पुढचे दोन-तीन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

आता हे सगळं रात्री दोन वाजता, कळा देणाऱ्या बाईला प्रश्न विचारत ठरवायचं? कसं शक्य आहे!

आणि तरी तसं होतं, कारण ती सांगतच नाही. एकदा एक मुलगी तपासणीला आली होती. सोबत सासूबाई. ‘काही आजार, ऑपरेशन?’ ‘नाही मॅडम.’ सासूबाई बिल भरायला बाहेर गेल्या तशी हळूच म्हणाली, ‘मॅडम, चार वर्षांची असताना हार्टचं ऑपरेशन झालंय. लग्न जमवताना आईबाबांनी सांगितलं नव्हतं. प्लीज, घरी कळू देऊ नका.’ मी म्हटलं, ‘अगं, घरी सांगायचं की नाही ते तू ठरव. मला आणि तुझ्या गायनॅकला मात्र सगळं सांगायचं.’ तिचा चेहरा असा उजळला की बस्स! आम्ही डॉक्टर तुमचं गुपित सांभाळायला बांधील आहोत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा मैत्रिणींनो, होमवर्क घ्या:

• बाळाचा विचार करायच्या आधी कार्डिऑलॉजिस्टला भेटा. फुप्फुसातल्या रक्तदाबासारख्या काही त्रासांत गरोदरपणच जिवावर बेतू शकतं. ते आधी कळलेलं बरं.

• जुनी फाइल, ऑपरेशनचे कागद, ताजा इको एकत्र ठेवा.

• भूलतज्ज्ञांची भेट महिने आधी घ्या, शेवटच्या आठवड्यात नको.

• हॉस्पिटल निवडताना रूमचा एसी नंतर बघा. कार्डिऑलॉजिस्ट आणि आयसीयू आहे का, ते आधी विचारा.

• आईला जन्मजात दोष असेल तर बाळालाही तो असण्याची शक्यता थोडी वाढते. पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्या.

नवरेमंडळी, हे तुम्हीही वाचलंत ना? मग त्या भेटीला बायकोसोबत जा, आणि तिथे मोबाइल खिशात ठेवा.

लहानपणी ऑपरेशनचा निर्णय आईबाबांनी घेतला होता. आता हृदय तुमचं, बाळ तुमचं, निर्णयही तुमचा. या रविवारी मॉल राहू दे, आधी माळ्यावर चढा.