शस्त्र पोटावर, प्रश्न मनाचा

नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. आपले वजन पूर्वी १३५ किलो होते, आता ९३ आहे, असे त्यांनी फेब्रुवारी २०२२मध्ये उज्जैनच्या जाहीर कार्यक्रमात सांगितले. चर्चा झाली ती किलोंची. आम्हांस मधली १० वर्षे अधिक मोलाची वाटतात.

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक मंदावते, परंतु दुःखात, एकटेपणात खात राहण्याची सवय काही कापली जात नाही. आइस्क्रीम, सरबत लहानशा जठरातूनही सहज उतरते आणि गेलेले वजन परतू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी मनाची तपासणी करतात ती याचसाठी.

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेला हे मर्म ठाऊक आहे. तरीही आमच्या कळमनुरीतील पंगतींत आग्रह हाच आदर मानला जातो. ‘एवढ्यानं काय होतंय?’ म्हणत पानात जिलबी वाढणारे आपणच, आणि वजन पुन्हा वाढले की ‘मनाचा कच्चा’ म्हणणारेही आपणच. तेव्हा मनाची तयारी एकट्या रुग्णाची पुरत नाही. वाढणाऱ्या हातांचीही व्हावी लागते, असे आमचे मत आहे.