विश्लेषण : उच्च शिक्षणातील बदल प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना का पटत नाहीत? ‘भावनिक बुद्धिमत्ते’चा त्यात काय संबंध?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे राज्यातील पदवी अभ्यासक्रमांची रचना बदलली, विषयांची मांडणी बदलली, कामकाज संगणकावर गेले. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी ‘प्राध्यापक आणि कर्मचारी बदलाला तयार नसतात’ ही तक्रार हमखास ऐकू येते. भावनिक बुद्धिमत्ता अधिक असलेले कर्मचारी बदल लवकर स्वीकारतात, असे व्यवस्थापनशास्त्रातील अनेक अभ्यास सांगतात. मग कर्मचाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण दिले की प्रश्न सुटेल का?

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे काय?

पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ मधील पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखणे, विचार करताना त्यांचा उपयोग करणे, त्या का निर्माण झाल्या हे समजून घेणे आणि त्या हाताळणे, अशा चार क्षमता त्यात येतात. राग गिळणे किंवा सतत हसतमुख राहणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता नव्हे. विशेष म्हणजे सॅलोवे पुढे २०१३ ते २०२४ या काळात येल विद्यापीठाचे अध्यक्ष होते.

बदल ‘स्वीकारला’ असे कधी म्हणायचे?

लिन हर्स्कोविच आणि जॉन मेयर (हे मेयर वेगळे, कॅनडातील) यांनी २००२ मध्ये बदलाप्रतिच्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. बदल योग्य वाटतो म्हणून साथ देणे हा पहिला. विरोध केला तर नुकसान होईल म्हणून साथ देणे हा दुसरा आणि कर्तव्य म्हणून साथ देणे हा तिसरा. परिपत्रक निघाले की दुसऱ्या प्रकारची साथ लगेच मिळते. अहवाल भरले जातात, बैठकांना हजेरी लागते. पण अडचण आल्यावर स्वतःहून मार्ग काढण्याची वृत्ती प्रामुख्याने पहिल्या आणि काही प्रमाणात तिसऱ्या प्रकारातून येते. विद्यापीठात हा फरक विशेष जाणवतो. वर्गात काय आणि कसे शिकवले जाते, यावर परिपत्रकाने देखरेख ठेवता येत नाही.

मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये काय घडले?

महाराष्ट्राला हा धडा एकदा मिळाला आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी सत्रात सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका आणि ४७७ परीक्षांचा हा पसारा होता. काही मोजक्या परीक्षांवर प्रयोग करून पुढे जाण्याऐवजी एकाच सत्रात सगळे बदलण्यात आले. तयारी अपुरी आहे, प्रशिक्षण पुरेसे झालेले नाही, असे प्राध्यापक सांगत होते. कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवेत. प्रत्यक्षात राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. पुढील शिक्षणाच्या प्रवेशासाठी गुणपत्रिकेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा फटका बसला. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपालांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवले.

पडद्यावरील मूल्यांकन मात्र बंद झाले नाही. तीच पद्धत पुढे विद्यापीठात रुळली. म्हणजे प्राध्यापकांचे तंत्रज्ञानाशी वैर नव्हते. त्यांच्या तक्रारीत व्यवस्थेतील उणिवांची आगाऊ सूचना होती. ती ‘विरोध’ समजून बाजूला सारली गेली.

आताची अस्वस्थता कशाची?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत, तर २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत ते लागू झाले. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स, अशी ही रचना आहे. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली, इंटर्नशिप यांचे श्रेयांक जोडले गेले.

विद्यार्थ्याला विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले की प्राध्यापकाच्या कार्यभाराचे गणित बदलते. एखाद्या विषयाकडे विद्यार्थी कमी वळले तर त्याचे तास घटतात. कायम प्राध्यापकाला ती काळजी असते. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाच्या तर उत्पन्नाचाच तो प्रश्न असतो. ‘मी वीस वर्षे शिकवलेला विषय आता दुय्यम झाला’ ही बोचही असते. शिक्षकेतर कर्मचाऱ्याची अडचण वेगळी. विषयांच्या जोड्या आणि श्रेयांकांचे हिशेब खिडकीवर उभ्या विद्यार्थ्याला समजावून सांगायचे तेच. पदे रिक्त असताना हे वाढीव काम आहे त्याच माणसांवर येते. इथे भीती, थकवा आणि रास्त आक्षेप एकमेकांत मिसळलेले असतात. ते वेगळे करून पाहणे हेच भावनिक बुद्धिमत्तेचे काम.

संशोधनाच्या मर्यादा कोणत्या?

यातील बरेच अभ्यास प्रश्नावलीवर आधारलेले असतात. कर्मचारी स्वतःच स्वतःची भावनिक बुद्धिमत्ता आणि बदलाची तयारी यांना गुण देतो. दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असे सिद्ध होत नाही. चांगला विभागप्रमुख लाभलेला कर्मचारी दोन्हीकडे जास्त गुण देऊ शकतो. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. विरोध म्हणजे भावनिक उणीव असे मानले की कार्यभार, वेतन, रिक्त पदे हे प्रश्न चर्चेतूनच बाद होतात.

मग काय करता येईल?

सुरुवात प्राचार्य, कुलसचिव आणि कुलगुरूंपासून व्हायला हवी. बदल जाहीर करण्यापूर्वी त्याचा कार्यभारावर होणारा परिणाम विभागनिहाय, लेखी स्वरूपात सांगावा. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक आणि लिपिक यांनाही चर्चेत बसवावे, कारण पहिली अडचण त्यांनाच दिसते. नवी पद्धत आधी काही विभागांत चालवून पाहावी. आलेल्या आक्षेपांपैकी कोणते मान्य झाले, कोणते नाही आणि का, याचे उत्तर द्यावे. एवढे झाल्यावर ताण हाताळण्याचे प्रशिक्षण उपयोगी पडेल. ते आधी दिले तर ‘आमचे ऐकण्याऐवजी आम्हालाच शिकवताहेत’ अशीच भावना बळावेल.

धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२४-२५ मधील आहे. श्रेयांकाची नोंद चुकली किंवा निवडलेल्या विषयाला शिकवायला कोणी नसेल, तर किंमत मोजणार ते हेच विद्यार्थी. म्हणून प्राध्यापक-कर्मचाऱ्यांचा नाराजीचा सूर हा शिस्तीचा प्रश्न न मानता वेळीच मिळालेली माहिती मानणे, हे प्रशासनाच्याच हिताचे आहे.