‘पिंपरी’ नीट उमटेल का? पिक्सेल फॉन्टचं सॉफ्टवेअर निवडताना

२०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर राज्यातल्या दुकानांवर मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हेही ठरलं. रंगवलेल्या पाटीवर हे सोपं आहे. पण पिंपरी-चिंचवडच्या दुकानांवरची सरकती एलईडी पाटी किंवा चाकणच्या कारखान्यातला डिस्प्ले बोर्ड घ्या. तिथे प्रत्येक अक्षर मोजक्या ठिपक्यांत बसवावं लागतं.

सर्रास मिळणाऱ्या पी-१० पॅनेलची उंची १६ ठिपके असते. इंग्रजी कॅपिटल अक्षर ७ ठिपक्यांत बसतं, म्हणजे दोन ओळी मावतात. देवनागरीत वर मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार. एकाच ओळीत पॅनेल संपतं.

पण खरी अडचण वेगळीच आहे. युनिकोडमध्ये ‘पि’ साठवताना आधी ‘प’ येतो, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी आधी हवी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरं जुळवणं म्हणजे ‘शेपिंग’. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये ते हार्फबझ ही लायब्ररी करते. साध्या मायक्रोकंट्रोलरवर ते आपोआप होत नाही. मग ‘पिंपरी’ची वेलांटी चुकीच्या जागी जाते, ‘आकुर्डी’चा रफार सुटतो आणि ‘चऱ्होली’ तर फुटतेच.

म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी विचारा: फॉन्ट चालणार कुठे?

फोन किंवा कॉम्प्युटरवर: फॉन्टफोर्ज घ्या. ते मोफत आहे आणि त्यात जोडाक्षरांचे ओपनटाइप नियम लिहिता येतात. शिकायला वेळ लागतो, पण मराठीसाठी तो द्यावाच लागेल. ब्राउझरमध्ये चालणारं फॉन्टस्ट्रक्ट ठोकळे मांडून अक्षर काढायला मजेशीर आहे. हात बसवायला ते वापरा.

छोट्या बोर्डवर: बीडीएफ फाइल देणारं सॉफ्टवेअर हवं. फॉन्टफोर्ज तीही देतं. यूएटजीटू ही लोकप्रिय डिस्प्ले लायब्ररी बीडीएफपासूनच फॉन्ट बनवते. पण शेपिंग तुम्हालाच सांभाळावं लागेल. लागणारी जोडाक्षरं वेगळी काढून त्यांना स्वतंत्र कोड द्या. मजकूर ठरलेलाच असेल, तर पूर्ण ओळ कॉम्प्युटरवर तयार करून चित्र म्हणून पाठवा.

सॉफ्टवेअर कोणतंही असो, ‘अआइई’ काढून खूश होऊ नका. पिंपरी, आकुर्डी, चऱ्होली, म्हाळुंगे ही चार नावं आधी बोर्डवर उमटवून बघा. ती नीट वाचता आली, तरच बाकीची अक्षरं काढायला बसा.