सुट्टीतील मुंबई आणि कलादालनांचा उंबरठा

वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की अमरावती-अकोल्याच्या मध्यमवर्गीय घरांतून मुंबईच्या प्रवासाची बोलणी सुरू होतात. कुणाचा मामा डोंबिवलीस, कुणाची आत्या ठाण्यास. मग मुलांना ‘मुंबई दाखविण्याचा’ कार्यक्रम आखला जातो. गेटवे, चौपाटी, राणीची बाग, आणि अलीकडे थंडगार मॉल. मात्र गेटवेपासून पायी दहा मिनिटांच्या आत तीन मोठी कलादालने आहेत, हे या यादीत सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही.

याच घरांतील मुले चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना मोठ्या संख्येने बसतात. दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही उत्साही असतात. स्थिरचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र सारे घोटून होते. पण थोर चित्रकाराचे मूळ चित्र यांपैकी किती मुलांनी पाहिलेले असते? पुस्तकातील तळहाताएवढी छापील प्रतिमा पाहून रंगाचा थर किंवा कुंचल्याचा फटकारा कसा कळावा? गाणे न ऐकता संगीताची परीक्षा देण्यासारखाच हा प्रकार आहे.

या तिघांपैकी जहांगीर कलादालन सर्वांत सोपे. १९५२ मध्ये सुरू झालेल्या या दालनात प्रवेश विनामूल्य आहे आणि प्रदर्शने बहुधा आठवड्यागणिक बदलतात. चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेला असतो. मुलांनी त्याला खुशाल प्रश्न विचारावेत. तेथे जाण्यास संकोच वाटतो तो वडीलधाऱ्यांनाच. आपल्याला यातले काही कळत नाही, हे त्यांचे ठरलेले वाक्य.

अमूर्त चित्रांपुढे हा संकोच अधिक वाढतो. समोरच्याच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तो अनुभव येऊ शकेल. (सोमवारी ते बंद असते.) परंतु अमूर्त चित्रकलेतील अग्रगण्य वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपूरचा, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले, हे विदर्भातील किती घरांत ठाऊक आहे? त्यांचे चित्र प्रत्येकाला आवडलेच पाहिजे असे नाही. न पाहताच नाक मुरडणे मात्र बरे नव्हे.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयास अर्धा दिवस तरी द्यावा. ऐहोळेची छतशिल्पे, मीरपूरखासच्या मृण्मूर्ती आणि थेट ॲसिरियातील शिल्पपट एकाच छताखाली पाहता येतात. २०२३ च्या डिसेंबरात याच संग्रहालयाने ग्रीस, रोम, इजिप्त येथील प्राचीन शिल्पे भारतीय शिल्पांच्या शेजारी मांडली होती. आपली मूर्तिकला जगाच्या पंक्तीत कोठे बसते, हे त्या मांडणीत डोळ्यांनीच दिसत होते.

राणीच्या बागेत तर वऱ्हाडी कुटुंबे जातातच. त्याच आवारात १८७२ पासून लोकांसाठी खुले असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात, एवढे लक्षात ठेवावे. भाऊ दाजींचे वऱ्हाडाशी एक नाते आहे. अजिंठ्याचे शिलालेख वाचणाऱ्या पहिल्या भारतीय विद्वानांत त्यांची गणना होते. तेथील सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरविले आणि हरिषेणाच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. जगभरचे रसिक ज्या भित्तिचित्रांसाठी येतात त्यांच्यामागे वऱ्हाडातील राजसत्ता उभी होती. त्याच चित्रांच्या प्रतिकृती १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली लेण्यांत बसून केल्या. त्यांतील बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या.

ज्यांना मुंबई जमणार नाही त्यांच्यासाठी नागपूरचा अजब बंगला आहेच. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिणी येथे सापडलेल्या जैन धातुमूर्ती ठेवल्या आहेत. मूर्तिजापूर परिसरातील चित्रकला शिक्षकांनी शाळा उघडण्यापूर्वी आपले विद्यार्थी तेथे न्यावेत, सोबत चित्रवही आणि पेन्सिल द्यावी. सकाळच्या गाडीने गेल्यास संध्याकाळी घरी परतता येते.