नवे इंजिन, जुने नाव

नांदेड वा लातूरच्या एखाद्या गॅरेजात जुन्या कॉन्टेसाला नवे इंजिन बसते, तेव्हा गाडीचा आत्मा गेला म्हणून हौशी मंडळी हळहळतात. आम्हांस ही हळहळ पटत नाही. कॉन्टेसाची काया मुळात व्हॉक्सहॉल या इंग्रजी गाडीची. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली ती बाजारात आणली, तेव्हा तिच्यात अ‍ॅम्बेसेडरचेच दीड लिटरचे इंजिन होते. त्या जड देहाला ते अपुरे पडे. पुढे कारखान्यानेच इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसवले, आणि आज लोक तिलाच अस्सल म्हणतात.

आमचा आक्षेप निराळा आहे. वाढलेली ताकद आवरतील असे ब्रेक न बसवता इंजिन बदलणे हा अविचार. आणि बदल लपवून गाडी ‘मूळची’ म्हणून विकणे ही लबाडी. आरसी बुकात चासीबरोबर इंजिनाचाही क्रमांक असतो, तो याचसाठी.

साहित्यात हा विवेक आमच्या मराठवाड्याने पूर्वीच दाखवला आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी भर घालू नये, असे बजावले. त्याच नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर ओवीबद्ध टीका रचली. ती ‘एकनाथी भागवत’ म्हणूनच ओळखली जाते.

आज अभिजात ग्रंथांच्या ‘सुबोध’ आवृत्त्या मूळ लेखकाच्याच नावावर खपतात आणि विद्यार्थी त्यांनाच मूळ समजून उत्तरे लिहितात. रूपांतर अवश्य करावे. मुखपृष्ठावर तसे छापावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.