आधी २४०पीवर बघा

सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांतून चालतात, त्यांत मराठीही आहे. गोडादरा, लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. त्यांची मुले गुजरातचा अभ्यासक्रम मराठीतून शिकतात. महाराष्ट्रात बनलेले धडे त्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, म्हणून तिथल्या शिक्षकालाच व्हिडिओ करावा लागतो. तो बघायचा असतो घरातल्या एकाच फोनवर, वडील लूमवरची बारा तासांची पाळी करून आल्यावर, दिवसाच्या डेटात जे उरले असेल तेवढ्यात.

आपण मात्र १०८०पीमध्ये चित्रीकरण करतो आणि बाकीचे यूट्यूबवर सोपवतो. यूट्यूब लहान आवृत्ती करून देते, पण आपली अक्षरे मोठी करत नाही. २४०पीच्या चित्रात वरपासून खालपर्यंत ठिपक्यांच्या जेमतेम २४० ओळी असतात. बारीक अक्षरांची स्लाइड तिथे आली की आधी अनुस्वार आणि रफार जातात, मग अपूर्णांकाच्या छेदात ६ आहे की ८ ते कळत नाही. अक्षराची उंची चित्राच्या दहाव्या भागाइतकी ठेवा आणि एका स्लाइडवर तीन-चार ओळींपुढे जाऊ नका. कॅमेरा तिपाईवर हवा, मागची भिंत कोरी हवी. हलणारा पडदाही डेटा खातो.

आवाजावर तडजोड नको. चित्र अडखळले तरी मूल ऐकत राहते, आवाज तुटला की धडा सोडून देते. सुदैवाने आवाज स्वस्त आहे. दहा मिनिटांना १२८ केबीपीएसने ९.६ एमबी लागतात, ३२ केबीपीएस मोनोने २.४. एका माणसाच्या बोलण्याला तेवढे पुरते.

फाइल एमपी४, कोडेक एच.२६४ ठेवा. एव्ही१ने फाइल आणखी लहान होते, पण जुन्या फोनवर ती चालवताना बॅटरी भराभर उतरते. शाळेच्या सर्व्हरवर ठेवायची असेल तर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमध्ये ‘फास्टस्टार्ट’ लावायला विसरू नका. एमपी४ची अनुक्रमणिका बहुधा फाइलच्या शेवटी लिहिली जाते, आणि ती हाती येईपर्यंत कित्येकदा पडदा काळाच राहतो. फास्टस्टार्टने ती सुरुवातीला येते.

धडा चार-चार मिनिटांत तोडा. डाउनलोड मध्येच तुटले तर थोडेच पुन्हा उतरवावे लागेल, आणि मे महिन्यात धुळे-नंदुरबारकडे गावी जाताना तेवढे तुकडे फोनमध्ये सोबत नेता येतील. शीर्षकाशेजारी ‘४ मिनिटे, ८ एमबी’ असे लिहायला लागा. डेटाचे पैसे भरणाऱ्या आईवडिलांना ते आधी कळायलाच हवे.